प्रोस्टेटच्या तुकड्यावरची मार्कर तपासणी: कुठे, किती पैशांत, किती दिवसांत

बायोप्सीचा रिपोर्ट आला आहे. शेवटी एक ओळ आहे: ‘आयएचसी करून घ्यावी.’ लॅबमधून सांगतात, इतके हजार भरा, आठवड्यात कळेल. घरात घबराट असते, त्यामुळे पैसे लगेच निघतात आणि काय विकत घेतलं ते कुणी विचारत नाही.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. या तपासणीने उपचार बदलणार आहेत का? नेमके कोणते आणि किती मार्कर लावणार? आमचा मेणाचा ब्लॉक कुठे आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली तर अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यातून ही तपासणी बेताच्या खर्चात होते. पात्र असाल तर योजनेतून बराचसा भार उतरतो.

तपासणी म्हणजे काय

आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवतात आणि त्याचे अतिशय पातळ काप काचेवर घेतात. त्यावर ठरावीक प्रथिनाला चिकटणारं द्रव्य टाकतात. ते प्रथिन पेशीत असेल तिथे रंग चढतो, सहसा तपकिरी. हे प्रथिन म्हणजेच मार्कर. एक मार्कर, एक काच, एक दर. बिल असं वाढत जातं.

यासाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही, आधीच काढलेला तुकडा पुरतो. ‘नवा नमुना द्या’ असं कुणी म्हटलं तर आधी विचारा, जुन्या ब्लॉकमधला तुकडा संपला आहे का?

लागते कधी, लागत नाही कधी

प्रत्येक रुग्णाला ही तपासणी लागत नाही. साध्या रंगकामाच्या काचेवर कर्करोग स्पष्ट दिसत असेल, ग्लीसन स्कोअर, म्हणजे कर्करोग किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा, लिहिलेला असेल आणि पॅथॉलॉजिस्टला शंका नसेल, तर निदानासाठी वेगळे मार्कर लावायची गरज नसते. मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे युरोलॉजिस्ट, अशा रिपोर्टवर पुढचे उपचार ठरवू शकतात.

गरज पडते ती अशा वेळी. एक, संशयास्पद ग्रंथी अगदी थोड्या आहेत आणि कर्करोग आहे की नाही हे ठरत नाही. दोन, गाठ प्रोस्टेटची की मूत्राशयाची हे कळत नाही. तीन, तुकडा मणक्यातून, हाडातून किंवा लसिकाग्रंथीतून घेतला आहे आणि मूळ कुठलं ते शोधायचं आहे. चार, पेशी लहान आणि फार आक्रमक दिसतात, म्हणून न्यूरोएंडोक्राइन प्रकाराची शंका आहे. पाच, आधी हार्मोनचे किंवा किरणोपचार झाले आहेत आणि त्यामुळे पेशींचं रूप बदललं आहे.

आणखी एक प्रसंग लक्षात ठेवा. बारा तुकड्यांपैकी चारांत कर्करोग स्पष्ट आहे आणि पाचव्यात शंका आहे. पाचव्याची शंका फिटल्याने उपचार बदलत नसतील तर त्यासाठी पैसे घालू नका. हे लॅबच्या काउंटरवर ठरत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना थेट विचारा: ‘याचा निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार का?’ उत्तर ‘हो’ असेल तर तपासणी थांबवता येईल का, हेही तिथेच विचारून घ्या.

कोणता मार्कर कशासाठी

बिलावर किंवा रिपोर्टवर ही नावं दिसतील.

पी-६३ आणि सायटोकेरॅटिन (‘हाय मॉलिक्युलर वेट’ किंवा सीके-५/६): निरोगी प्रोस्टेट ग्रंथीभोवती तळपेशींचा एक थर असतो, तो हे मार्कर दाखवतात. नेहमीच्या प्रोस्टेट कर्करोगात हा थर नसतो.

एएमएसीआर, म्हणजेच रेसिमेज किंवा पी-५०४-एस: हे प्रथिन बहुतेक प्रोस्टेट कर्करोगांत वाढलेलं असतं. पण कर्करोगपूर्व बदलांतही ते दिसू शकतं, म्हणून एकट्या रेसिमेजवर निदान करत नाहीत. ते तळपेशींच्या मार्करसोबतच वाचायचं असतं.

पीएसए, एनकेएक्स-३.१, पीएसएमए: दुसरीकडे सापडलेली गाठ मूळची प्रोस्टेटची आहे का, हे सांगायला. जोडीला जीएटीए-३ लावला असेल तर मूत्राशयाची शंका तपासत आहेत असं समजा.

सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, केआय-६७: न्यूरोएंडोक्राइन प्रकाराची शंका असेल तेव्हा. हा निकाल उपचाराची दिशा बदलू शकतो. इथे पैसे वाचवू नका.

एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२: हा चारांचा संच सहसा आजार पसरलेला असताना, पुढच्या औषधांचा विचार करताना लावतात. पहिल्याच निदानाच्या बिलात दिसला तर कारण विचारा.

आता सर्वांत महत्त्वाचं. या रिपोर्टमध्ये ‘निगेटिव्ह’ म्हणजे ‘कर्करोग नाही’ असा अर्थ होत नाही. पी-६३ निगेटिव्ह याचा अर्थ निरोगी थर सापडला नाही, म्हणजे बोट कर्करोगाकडे आहे. उलट पी-६३ पॉझिटिव्ह दिसलं म्हणून घाबरू नका, ते बहुधा निरोगी ग्रंथीचं लक्षण असतं. एकेका ओळीवरून घरच्या घरी अर्थ लावू नका. शेवटचा निष्कर्ष वाचा आणि तो डॉक्टरांकडून समजून घ्या.

किती पैसे लागतात

खालचे आकडे खाजगी ठिकाणचे, अंदाज बांधण्यापुरते आहेत. दर शहराप्रमाणे आणि लॅबप्रमाणे बदलतात. तुमच्या लॅबचा आकडा आधी लिहून घ्या.

रक्तातला पीएसए: साधारण ५०० ते १,००० रुपये.
प्रोस्टेटचा विशेष एमआरआय: ७,००० ते १५,०००.
सोनोग्राफीखाली बायोप्सी, दिवसभराच्या खाटेसह: १०,००० ते २५,०००.
तुकड्यांची साधी पॅथॉलॉजी तपासणी: २,००० ते ६,०००.
आयएचसी, एका मार्करला: १,००० ते २,५००.
निदानासाठीचा तीन मार्करचा संच: ३,००० ते ७,०००.
दुसऱ्या रुग्णालयात काचा आणि ब्लॉकचं पुनरावलोकन: १,००० ते ३,०००, वर मार्कर लावले तर ते वेगळे.

तीन मार्कर एकाच काचेवर लावायची ‘कॉकटेल’ पद्धत आहे. तिच्यात तुकडा कमी खर्च होतो आणि सुटे तीन मार्कर लावण्यापेक्षा सहसा पैसेही कमी लागतात. ‘कॉकटेल करता का, तिचा दर किती?’ असं लॅबला विचारा.

बिलात लपलेले पैसे

डबीमागे दर. बायोप्सीत साधारण दहा-बारा सुईतुकडे घेतात. काही लॅब पूर्ण बायोप्सीचा एकच दर लावतात, काही प्रत्येक डबीचा वेगळा. बारा डब्या म्हणजे बारा दर. किती डब्या करणार आणि दर कसा लावणार, हे बायोप्सीच्या आधी विचारा. पण पैशांसाठी सगळे तुकडे एकाच डबीत टाकायला लावू नका. निदान उजवी आणि डावी बाजू वेगळी राहायला हवी. कर्करोग कुठल्या बाजूला किती आहे, हे उपचारासाठी लागतं.

सुई, भूल आणि औषधं. बायोप्सीची एकदाच वापरायची सुई, भुलीचे पैसे, प्रतिजैविकं, खाट आणि सोनोग्राफीचा आकार हे सगळं ‘बायोप्सीच्या दरात’ आहे की वर, ते लिहून घ्या. तोंडी आकड्यावर जाऊ नका.

नव्या काचा. ब्लॉकमधून पुन्हा काप घ्यायचे, आयएचसीसाठी विशेष लेपाच्या काचा द्यायच्या, याचे काचेमागे पैसे लागतात. ब्लॉक बाहेर द्यायचेही काही जण आकार घेतात. पावती मागा.

कुरिअर आणि ‘अर्जंट’. तालुक्याच्या गावातल्या बहुतेक लॅब आयएचसी स्वतः करत नाहीत, नमुना गोळा करून पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबकडे पाठवतात. मग वाहतुकीचा आकार, मधल्या लॅबचा वाटा आणि घाईचा जादा दर असे तीन थर चढतात. विचारा: ‘तपासणी नेमकी कुठे होणार? तिथला मूळ दर काय?’ ‘अर्जंट’चे पैसे सहसा वाया जातात, कारण रंगकामाला आणि वाचायला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही.

जीएसटी. लॅबच्या आणि रुग्णालयाच्या निदान तपासण्यांना जीएसटीतून सूट आहे. आयएचसीच्या बिलात १८ टक्के लावले असतील तर ते काढायला सांगा.

‘कॅन्सर पॅकेज’. काही पॅकेजमध्ये सीए-१२५ सारख्या चाचण्याही घातलेल्या असतात. प्रोस्टेटच्या निदानाला त्यांचा उपयोग नाही. पीएसए हवा असेल तर फक्त पीएसए करा.

चुकीच्या वेळी केलेला पीएसए. लघवीत जंतुसंसर्ग असताना किंवा नळी नुकतीच घातली असताना पीएसए वाढलेला येतो आणि त्या आकड्यावर पुढचा सगळा खर्च सुरू होतो. संसर्ग बरा झाल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा करायचा का, हे डॉक्टरांना विचारा. प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर आकडा साधारण निम्म्यावर येतो. औषधाची चिठ्ठी सोबत न्या.

कुठे जायचं

तुमचा तालुका पाहून ठरवा. सगळ्यांनी पुण्याला धावायची गरज नाही.

अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर: लोणीचं प्रवरा ग्रामीण रुग्णालय जवळ पडतं. ते वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

नगर, राहुरी, पारनेर: नगर-मनमाड रस्त्यावर विळद घाटात डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचं वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. शहरात जिल्हा रुग्णालय आहे.

नेवासा, शेवगाव, पाथर्डी: छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय सोयीचं आहे. इथे शासकीय दर लागतात.

श्रीगोंदा, कर्जत: पुण्याचं ससून.

जामखेड: खर्ड्यामार्गे बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय विसरू नका. ते खास कर्करोगाचं आहे.

निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारा. युरोलॉजिस्टची ओपीडी कोणत्या वारी? प्रोस्टेटची बायोप्सी तिथेच होते का? आयएचसी तिथेच होते की बाहेर पाठवतात?

निदान गुंतागुंतीचं असेल तर मुंबईत परळचं टाटा मेमोरियल. तिथे नाव नोंदवताना सर्वसाधारण आणि खाजगी असे दोन वर्ग असतात, दरात मोठा फरक आहे. पहिल्या दिवशी निवडलेला वर्ग पुढच्या सगळ्या बिलांवर परिणाम करतो, म्हणून खिडकीवर घाईने ‘खाजगी’ म्हणू नका. काचा आणि ब्लॉक सोबत हवेतच. राहण्यासाठी परळला नाना पालकर स्मृती समिती आणि दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. रुग्णालयाचं पत्र आणि आधार घेऊन जा. जागा मिळतेच असं नाही, आधी चौकशी करा.

प्रवासाचे पैसे वाचवा

एसटीत ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, महिलांना अर्धं तिकीट. आधार सोबत ठेवा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि एसी थ्री टियरमध्ये मूळ भाड्यात पूर्ण सवलत, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र रुग्णालयाकडून भरून घ्या आणि ते आरक्षण खिडकीवर द्या.

योजना आणि कागदपत्रं

*जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय.* १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सेवा मोफत आहेत. पहिली तपासणी, पीएसएची विचारणा आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी इथूनच घ्या. ही चिठ्ठी पुढे उपयोगी पडते. ससून आणि संभाजीनगरचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, तिथे ठरलेलं शासकीय शुल्क लागतं.

*महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत.* कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. कागद: रेशनकार्ड, आधार आणि असेल तर आयुष्मान कार्ड. यादीतल्या रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल असतं. रुग्णालय यादीत असलं तरी प्रत्येक विभागासाठी असतंच असं नाही. म्हणून ‘कर्करोग आणि मूत्ररोगासाठी आहे का?’ असा प्रश्न करा. माहितीसाठी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० हे निःशुल्क क्रमांक आहेत.

ही योजना उपचाराच्या पॅकेजभोवती बांधलेली आहे. बाहेरच्या लॅबमध्ये सुटी तपासणी केली तर ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. बायोप्सीच्या आधी आरोग्यमित्राला भेटा आणि विचारा: ‘बायोप्सी आणि आयएचसी पॅकेजमध्ये बसते का?’ मंजुरी मिळाल्यावर पॅकेजमधल्या सेवेसाठी रुग्णाकडून वर पैसे घेता येत नाहीत. मागितले तर पावती मागा आणि योजनेच्या वर दिलेल्या क्रमांकावर तक्रार करा.

*वय ७० किंवा त्यापुढे असेल तर* आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. प्रोस्टेटचे अनेक रुग्ण याच वयाचे असतात, तरी हे कार्ड काढायचं राहून जातं. चौकशीसाठी १४५५५.

*धर्मादाय रुग्णालय.* धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वार्षिक १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. कागद: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भरती होण्याआधी भेटा. बिल झाल्यावर सवलत मिळवणं फार अवघड जातं.

*मुख्यमंत्री सहाय्यता निधी.* योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी. अर्ज, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि रिपोर्ट लागतात. रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जाते, तुमच्या नाही. आधी भरलेले पैसे यातून परत मिळतील या भरवशावर राहू नका. निःशुल्क क्रमांक १८००१२३२२११.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी संशय येईल त्याच दिवशी अर्ज करा. सेतू केंद्रात दोन आठवडे सहज जातात. रिपोर्ट येईपर्यंत तोही हातात येतो.

*खाजगी मेडिक्लेम असेल तर* नुसत्या निदानासाठी झालेली भरती अनेक कंपन्या नाकारतात. बायोप्सीआधी कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या.

बायोप्सीच्या दिवशी

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं कुठलंही औषध चालू असेल तर आधीच सांगा. ते स्वतःहून बंद करू नका. अँजिओप्लास्टी झाली असेल तर हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र घ्या. लघवीची तपासणी करून संसर्ग नाही हे पाहून घ्या.

तुकडा फॉर्मॅलिनमध्येच गेला पाहिजे. सलाईनमध्ये किंवा कोरड्या डबीत ठेवलेला तुकडा खराब होतो, मग त्यावर कितीही मार्कर लावा, निकाल भरवशाचा राहत नाही. डबी घेऊन तुम्हालाच लॅबपर्यंत जायला सांगितलं तर चार गोष्टी पाहा: फॉर्मॅलिन भरपूर आहे, झाकण घट्ट आहे, डबीवर पूर्ण नाव आणि वय आहे, बाजू लिहिली आहे. त्याच दिवशी पोचवा, घरी फ्रीजमध्ये ठेवू नका.

हाडातून तुकडा घेतला असेल तर तो मऊ करायला आम्लात ठेवतात. पुढे जनुकीय तपासणी होणार असेल तर हे लॅबला आधी सांगा. तीव्र आम्लाने तुकडा त्या तपासणीसाठी निकामी होऊ शकतो.

लघवी तुंबली म्हणून दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडण्याचं ऑपरेशन झालं असेल तर निघालेले तुकडे पॅथॉलॉजीला गेलेच पाहिजेत. ऑपरेशनआधीच ‘तुकडे तपासणीला पाठवणार ना?’ असं विचारा आणि नंतर रिपोर्ट मागून घ्या. तिथले पैसे वाचवून कर्करोग हातातून निसटू देऊ नका.

बायोप्सीनंतर घरी आल्यावर लघवीत थोडं रक्त काही दिवस दिसू शकतं. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने बायोप्सी टाळू नका. तुकड्याशिवाय खात्रीचं निदान होत नाही.

ब्लॉक सांभाळा

रिपोर्टचा कागद हरवला तर दुसरा छापून मिळतो. ब्लॉक हरवला तर पुन्हा बायोप्सी, पुन्हा खर्च, पुन्हा त्रास.

रिपोर्ट घ्यायला जाल त्याच दिवशी लेखी अर्ज द्या: ‘ब्लॉक आणि काचा पुढील उपचारासाठी हव्या आहेत.’ अर्जात रिपोर्टचा क्रमांक लिहा. ताब्यात घेताना ब्लॉकवरचा क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक जुळतो का ते पाहा. किती ब्लॉक, किती काचा, हे पावतीवर लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढा.

न्यायचा तो कडक डबीत, हातातल्या पिशवीत. उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, मेण मऊ होतं. साध्या टपालाने पाठवू नका. दुसरीकडे दिला तर परत कधी मिळेल ते लिहून घ्या आणि त्या तारखेला आणायला जा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या काचेच्या फोटोवर कुणी पक्कं मत देऊ शकत नाही.

एकाच तुकड्यावर दोन-तीन ठिकाणी वेगवेगळे मार्कर लावत बसलात तर तुकडा संपतो. सुईतुकडा अगदी बारीक असतो. म्हणून शंका असेल तर आधी काचांचं पुनरावलोकन करा. अनुभवी पॅथॉलॉजिस्टला कधी कधी साध्या काचेवरूनच उत्तर मिळतं, आयएचसीचे पैसे वाचतात आणि तुकडाही शिल्लक राहतो.

किती दिवस लागतात, घाई कधी करायची

साधा बायोप्सी रिपोर्ट: तीन ते सात दिवस. आयएचसी: त्यापुढे आणखी तीन ते सात दिवस, नमुना बाहेर जात असेल तर प्रवासाचे दोन दिवस धरा. मोठ्या रुग्णालयात पुनरावलोकन: एक ते दोन आठवडे.

प्रोस्टेटचा कर्करोग अनेकांत सावकाश वाढतो. नीट निदानासाठी दोन-तीन आठवडे गेल्याने बहुतेकांचं नुकसान होत नाही. ‘आजच भरती व्हा, नाहीतर उशीर होईल’ असं म्हणून कुणी पैसे भरायला लावत असेल तर दुसरं मत घ्या.

पण काही लक्षणांत एक दिवसही थांबायचं नाही: पाठदुखीसोबत पायातली ताकद जाणं, पाय बधिर होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, लघवी पूर्ण अडणं. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला असेल तर वेळेत उपचार न मिळाल्यास पाय कायमचे जाऊ शकतात. मार्करच्या रिपोर्टची वाट पाहू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर काय पाहाल

नाव, वय, ब्लॉकचा क्रमांक. कोणते मार्कर लावले, त्यांचा एकेक निकाल. बिलात पाच आणि रिपोर्टमध्ये तीन असतील तर फरकाचे पैसे परत मागा. ग्लीसन स्कोअर आणि ग्रेड ग्रुप १ ते ५. किती तुकड्यांत कर्करोग, किती टक्के. शेवटी स्पष्ट निष्कर्ष.

आणि सही. ती पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची हवी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हेच सांगितलं. फक्त तंत्रज्ञाच्या सहीवर कर्करोगाचे उपचार सुरू करू नका. लॅबवर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, शिक्का असेल तर तो आयएचसीसाठी आहे का, तेही पाहा. मान्यता तपासणीनुसार असते, सरसकट नाही.

महागड्या पुढच्या तपासण्या

पीएसएमए पेट स्कॅनला साधारण १५,००० ते २५,००० रुपये लागतात, बीआरसीएसारख्या जनुकांच्या तपासणीला १५,००० ते ५०,०००. पेट स्कॅन आजार किती पसरला हे पाहायला, जनुकीय तपासणी मुख्यतः पसरलेल्या आजारात औषध निवडायला किंवा घरात कर्करोगाचा इतिहास असेल तेव्हा. कर्करोगतज्ज्ञांनी लेखी सुचवल्याशिवाय करू नका. जनुकीय तपासणीसाठीही तोच ब्लॉक चालतो, बहुधा. आणि विचारा: ‘या निकालावरून जे औषध निघेल ते आम्हाला परवडेल का, योजनेत आहे का?’ औषध आवाक्यात नसेल तर ही तपासणी आत्ता करायची का, याचा निर्णय डॉक्टरांसोबत बसून घ्या.

अडवणूक झाली तर

वैद्यकीय कागदपत्रं लेखी मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवीत. खाजगी रुग्णालयाने दरांचा तक्ता आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची असते. औषधं त्यांच्याच दुकानातून घेण्याची सक्ती करता येत नाही. हे नियम पाळले नाहीत तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

जादा बिल किंवा न केलेल्या तपासणीचे पैसे: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. प्रत्येक पावती जपून ठेवा, तिच्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.

आज करायची कामं चार: उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, ७० पुढच्यांचं वय वंदना कार्ड, आरोग्यमित्राची भेट आणि ब्लॉकसाठी लॅबला लेखी अर्ज. ही चार झाली की मगच मार्करचे पैसे भरायचे की नाही ते ठरवा.